खंडेनवमीचं इंजिन

"आयला! आयला! आयला!"

आप्पा खुर्चीतून अर्धे उठून ओरडत होते. डाव्या हाताची मूठ खुर्चीच्या दांडीवर आपटत होते. उजवा हात नेहमीसारखा मांडीवर पडलेला. समोर पाटावर फियाटच्या इंजिनाचे सुटे भाग मांडलेले, हळदकुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून, भोवती रांगोळी काढून. आई निरांजन हातात घेऊन तशीच थांबली होती. आणि माझ्या शेजारी आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क इनामदारसाहेब सपत्नीक उभे होते. त्यांना मीच आमंत्रण दिलं होतं, मोठ्या तोऱ्यात. 'खंडेनवमीला या साहेब. घरी इंजिन उघडलंय, बघून जावा.'

"काय म्हणतायत ते?" इनामदारवहिनींनी हळूच विचारलं.

आता काय सांगणार, कपाळ! मी म्हणालो, "काही नाही, आजारी आहेत."

"आयला!" आप्पा माझ्याकडे बघून ओरडले. लाळ गळून सदऱ्यावर आली.

"सकाळधरनं असंच चाललंय ह्यांचं," आई रडवेली होऊन म्हणाली. "तू नारळ आणायला गेलास आन् आम्ही ही लोखंडं घासायला घेतली, तवापासनं. वर्षाचा सण हाय, देवाम्होरं शिव्या. काय करावं माणसानं?"

नलू, माझी बायको, त्यांना पाणी द्यायला गेली तर त्यांनी तांब्या उडवला. पाणी जाऊन रांगोळीवर पडलं. इनामदारसाहेबांनी घड्याळात पाहिलं. त्या घड्याळात बघण्यानं माझं डोकं फिरलं, खोटं कशाला बोलू.

मी आप्पांच्या बगलेत हात घातला, त्यांना जवळजवळ उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन पलंगावर बसवलं. ते माझा शर्ट सोडायला तयार नव्हते. एकेक बोट सोडवावं लागलं. "आप्पा, देवासमोर तरी तोंड आवरा," मी म्हणालो. "चारचौघांत अब्रू घालवायची ठरवलीय का?" आणि बाहेर येऊन दाराला कडी घातली. आतून दारावर थापा पडत होत्या. आईनं आरती जरा मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आरती संपेपर्यंत थापा थांबल्या होत्या.

ही एकोणनव्वद सालची गोष्ट. त्या वर्षी महाशिवरात्रीच्या सुमाराला आप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तीन आठवड्यांनी दवाखान्यात पहिला शब्द फुटला, तो 'आयला'. आईनं त्या आनंदात देवाला नारळ फोडला. आम्हाला वाटलं, आता मागोमाग बाकीचे शब्द येतील. कुठले यायला! डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधीकधी. बोलणं जातं, पण तोंडात बसलेली एखादी शिवी राहते. त्यांना आत सगळं समजतंय, बाहेर मात्र तेवढंच येणार." पस्तीस वर्षं गाड्यांच्या खाली झोपून काढलेल्या माणसाच्या तोंडात दुसरं काय राहणार होतं? तहान लागली, आयला. उन्हं अंगावर आली, आयला. नलूनं चहा छान केला, आयला. फरक तेवढा सुरात. आम्ही सुरावरून ओळखायला शिकलो होतो, निदान आम्हाला तसं वाटत होतं.

आप्पा म्हणजे बाळू मिस्त्री. कोल्हापुरात त्या काळी ज्याच्याकडे गाडी होती त्याला हे नाव माहीत होतं. मी त्यांचा एकुलता एक मुलगा आणि माझ्या हातात ही विद्या औषधालाही नाही. पंधरा वर्षांचा असताना मी एका गाडीचा नट उलटा आवळून त्याचे आटे घालवले. आप्पांनी पाना माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "भालू, तू पेन धर बाबा. ह्यो तुझा घास न्हवं." रागावून नाही म्हणाले, मायेनंच म्हणाले. पण मायेनं म्हटलेलं जास्त लागतं. मी पेन धरलं, कॉलेजच्या ऑफिसात चिकटलो आणि इतकी वर्षं ते वाक्य उराशी घेऊन फिरलो.

आप्पांची स्वतःची एक जुनी फियाट होती, छप्पन सालची. लोक तिला डुक्कर फियाट म्हणायचे. अंगणातल्या शेडमध्ये ती बारा वर्षं पडून होती. इंजिनाला काम निघालं होतं आणि गिऱ्हाइकांच्या गाड्यांपुढे घरच्या गाडीला आप्पांना वेळ कधी मिळालाच नाही. चांभाराची पोरं अनवाणी म्हणतात तसं. मी ठरवलं, हे इंजिन आपण करायचं. घरी, स्वतःच्या हातानं, आप्पांच्या समोर. ते सुरू झालं की आप्पांनी फक्त एकदा मान डोलवायची. मला दुसरं काही नको होतं.

उद्यमनगरात यासीन मुजावरचा बोअरिंगचा कारखाना होता. यासीन आप्पांच्या हाताखाली शिकलेला, अजून त्यांना वस्ताद म्हणायचा. ब्लॉकचं बोअरिंग, म्हणजे पिस्टनची भोकं कातून घेणं, तेवढं त्याच्याकडून करून घेतलं. तो म्हणाला, "भालू, बसवायला मी येतो की."

"नको," मी म्हणालो. "बसवणार मी."

"पुस्तक वाचून?"

"पुस्तक वाचून."

तो हसला. "बरं. अडलं तर हाक मार. लाजू नगंस."

श्रावणात मी इंजिन उघडलं आणि आमच्या घराला जणू पालवी फुटली. पलंगाला खिळलेले आप्पा रोज सकाळी शेडजवळ खुर्ची टाकायला लावू लागले. डाव्या हातानं स्वतः जेवू लागले, म्हणजे मग खुर्चीवर लवकर येता यायचं. मी चुकीचा पाना उचलला की, "आयला." बरोबर उचलला की, "आयला," पण खालच्या सुरात. एकदा मी पिस्टनची रिंग नीट काढली तेव्हा ते हसले. अर्धाच चेहरा हसला, पण हसले. नलू म्हणाली, "अहो, डॉक्टरांच्या गोळ्यांनी झालं नाही ते तुमच्या ह्या खटपटीनं होतंय." मी तर हवेतच गेलो.

इथं एक तांत्रिक गोष्ट सांगणं भाग आहे, फार नाही. इंजिनात चार पिस्टन, प्रत्येकाला एक दांडा, त्याला रॉड म्हणतात. रॉडचं खालचं टोक क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या आसाला, धरून बसतं आणि खालून त्याला एक लोखंडी टोपी दोन बोल्टांनी आवळतात. चार रॉड, चार टोप्या. सगळ्या दिसायला सारख्या. बाकीचे मिस्त्री त्यांवर ठोकून नंबर घालतात. आप्पा घालत नसत. "लोखंडाला ठोकलं की त्येला जखम व्हती," असं त्यांचं म्हणणं. ते जुन्या धोतरावर सगळे भाग ओळीनं मांडायचे आणि त्या धोतराला कुणी शिवायचं नाही, आईनंसुद्धा नाही. ह्या फियाटचे रॉड त्यांनीच कधीतरी बदललेले, त्यामुळे त्यांवर नंबर नव्हते. मी काय केलं, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे प्रत्येक रॉडला आणि टोपीला दोऱ्यानं कागदाची चिठ्ठी बांधली. एक, दोन, तीन, चार. ऑफिसात फायलींना बांधतो तशी. मला फार अभिमान वाटला होता त्या चिठ्ठ्यांचा.

खंडेनवमीला साहेब मंडळी गेल्यावर मी पाटावरचे भाग उचलायला लागलो. सगळं लखलखत होतं. चिंच लावून, राखेनं घासून, तांब्याच्या भांड्यासारखं. टोप्या पुढच्या रांगेत मांडल्या होत्या, रॉड मागे उभे लावले होते, झेंडूच्या माळेला टेकून.

"नलू, चिठ्ठ्या कुठायत?"

"कसल्या? त्या तेलकट? बंबात घातल्या की," नलू म्हणाली. "पूजेला घाण कशाला?"

मी क्षणभर थांबलो. मग एक टोपी उचलली, दुसरी उचलली, शेजारी धरल्या. तसूभर फरक नव्हता. म्हटलं, सारख्याच आहेत, काय बिघडतंय. बायकांनी एवढ्या हौसेनं घासल्या, त्यांना कशाला बोला. झालं. तेवढाच विचार केला मी.

त्या दिवसापासून आप्पा शेडकडे आले नाहीत. खुर्ची टाकली तरी उठायला तयार होईनात. मी समजलो, रुसलेत. आणि खरं सांगायचं तर मलाही मनातून बरंच वाटलं. कडी घातल्याची लाज होती आणि लाजेला समोर कुणी बसलेलं नको असतं. मी एकटाच इंजिन बसवत राहिलो. टोप्या आवळल्या, क्रँक हातानं फिरवून पाहिला, जड लागला. पुस्तकात लिहिलं होतं, नवं काम सुरुवातीला जड असतं. मी मान डोलावली आणि पुढं गेलो.

मधे एकदा मी त्यांच्या खोलीत गेलो, तेव्हा ते पलंगावर दोन स्टीलचे डबे घेऊन बसले होते. एक औषधांचा, एक बडीशेपेचा. मला बघून त्यांनी डाव्या हातानं दोन्हींची झाकणं काढली आणि ह्याचं झाकण त्याच्यावर घातलं. झाकण बसेना. त्यांनी ते दाबलं, परत दाबलं, आणि माझ्याकडे बघत राहिले. डोळे इतके मोठे केले होते की मला भीती वाटली. तोंडातून मात्र अक्षर नाही.

"आप्पा, झाकणं बदलली तुमची," मी म्हणालो. हात धुतलेले नव्हते, घाईत होतो. मी झाकणं आपापल्या डब्यावर नीट बसवली, डबे खिडकीत ठेवले आणि बाहेर आलो. मागे वळून पाहिलं नाही. बाहेर येऊन नलूला म्हणालो, "आप्पांचं डोकं जरा भरकटायला लागलंय गं."

दिवाळीच्या पाडव्याला यासीन दरवर्षी वस्तादांच्या पाया पडायला यायचा. तसा आला. मी तोच मुहूर्त धरला होता. आप्पांना आम्ही दोघांनी खुर्चीसकट उचलून अंगणात आणलं. त्यांनी विरोध केला नाही, साथही दिली नाही. आईनं गाडीला ओवाळलं.

यासीननं हँडल घालून फिरवून पाहिलं आणि भुवया उंचावल्या. "भालू, लई टाइट हाय रं. अर्धा फेरा बी जाईना. उघडून बघूया एकदा."

"नवं इंजिन टाइट असतंच," मी म्हणालो.

"असतं, पर इतकं न्हाई."

"यासीन, आज पाडवा आहे. सगळे जमलेत. तुझी जीप लाव पुढं, ओढून सुरू करू."

त्यानं आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. "वस्ताद, काय करू?" त्यानं विचारलं. आप्पांनी डावा हात उचलला, हवेत आडवा हलवला, नको नको असा. मला तो दिसला. मी म्हणालो, "लाव जीप."

दोर बांधला. यासीन पुढे, मी फियाटच्या स्टिअरिंगवर. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि इंजिन धडाडलं! अहो, काय आवाज होता! धूर निघाला, शेजारीपाजारी बाहेर आले, आई पदर डोळ्याला लावून हसायला लागली. दोर सोडून मी गाडी फिरवून अंगणात आणली आणि आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी आता डोळे उघडले होते आणि कान देऊन ऐकत होते. ती ऐकायची पद्धत मला लहानपणापासून माहीत होती. मी वाट बघत राहिलो.

एखादं मिनिट गेलं असेल. आधी एक टकटक आली, मग खडखड, मग करपल्याचा वास. मी चावी बंद करेपर्यंत आत काहीतरी दाणकन आपटलं आणि सगळं जागच्या जागी गोठलं. शेजारी एकेक करून घरात गेले. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. आईनं आणि नलूनं धरून त्यांना आत नेलं.

यासीननं जीपमधून हत्यारं काढली, गाडीखाली पोतं पसरलं आणि तळ उघडला. तासाभरानं त्यानं मला खाली बोलावलं. हातात एक काळीनिळी पडलेली टोपी होती.

"टोप्या कुणी बदलल्या?"

"म्हणजे?"

"ही जोडावरची रेघ बघ. जुळती का? न्हाई जुळत. भालू, रॉड आन् त्येची टोपी एकत्र बांधून बोअर मारत्यात. नवराबायको हाईत ती. दिसायला चारीबी सारख्या, पर ह्येची त्येला घातली की वरनं संसार आन् आत नुसती घासाघाशी. तुला वस्तादांनी सांगितलं न्हाई?" आणि मग स्वतःच जीभ चावली. "ते तरी बिचारे कसं सांगणार म्हणा."

आई दारात उभी होती. तिच्या हातातलं फराळाचं ताट तसंच राहिलं.

"आम्ही घासल्या," ती म्हणाली. "खंडेनवमीला. सगळ्या एका परातीत घातल्या आन् घासल्या. त्ये वरडत हुते. चिठ्ठ्या काढल्या तवा वरडले, परातीत टाकल्या तवा वरडले. आन् आम्ही म्हटलं, शिव्या देत्यात." ती मटकन पायरीवर बसली. "आगं माझ्या कर्मा!"

मी गाडीखालून कसा बाहेर आलो मला आठवत नाही. हात तेलानं बरबटलेले तसेच आप्पांच्या खोलीत गेलो. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी पलंगाजवळ खाली बसलो.

"आप्पा. टोप्या बदलल्या होत्या. तुम्ही तेच सांगत होता ना? पूजेच्या दिवशी. आणि ते डबे, ती झाकणं. तेच ना?"

त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश पापण्या मिटल्या, उघडल्या. हो.

मला रडू फुटलं. मी तीस वर्षांचा घोडा, पलंगाच्या लोखंडी दांडीला डोकं लावून हमसून हमसून रडलो. "मी तुम्हाला कोंडलं आप्पा. तुम्ही सांगत होता आणि मी कडी घातली. शिव्या घाला मला. तुमच्या मनात येईल ते बोला. आयला म्हणा आप्पा, मोठ्यानं म्हणा, सगळ्या गल्लीला ऐकू जाऊ दे. मी काही म्हणणार नाही."

आप्पा बघत राहिले. रागानं नाही, मायेनंही नाही. मी वाट पाहिली. त्यांचे ओठ मिटलेले होते.

"आप्पा, एकदाच म्हणा."

नलू केव्हा दारात येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, उठा," ती म्हणाली. "नाही म्हणणार ते. खंडेनवमीपासून त्यांनी एक शब्द काढलेला नाही. मी रोज त्यांचं करते, मला माहीत आहे. तुम्हाला आज कळतंय का?"

यासीननं नवे रॉड घालून संक्रांतीपर्यंत ते इंजिन करून दिलं. ह्या वेळी मी फक्त दिवा धरून उभा होतो. पहिल्याच हँडलला सुरू झालं. आम्ही आप्पांना पुढच्या सीटवर बसवून रंकाळ्यापर्यंत नेलं. ते सगळ्या वाटेत कान देऊन ऐकत होते, आणि तळ्याच्या कडेला गाडी थांबवल्यावर त्यांनी मान डोलावली. मला हवी होती तशी, अगदी तशीच. मी इंजिन बंद केलं आणि म्हणालो, "आप्पा, बोला की काहीतरी."

त्यांनी काचेतून पाण्याकडे पाहिलं. पुढं ते तीन वर्षं होते. जेवायचे, झोपायचे, बोलावलं की बघायचे. आई, नलू, यासीन, सगळ्यांनी विनवून पाहिलं. तोंडात राहिलेला तेवढा एक शब्दही त्यांनी आम्हाला पुन्हा दिला नाही.